रोजच्या कामांतील व्यायाम

व्यायाम हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें आखाडा, मल्लखांब, जोर-बैठका, अथवा अलीकडच्या काळांतील यंत्रांनीं भरलेली व्यायामशाळा उभी राहते, आणि तींत पिळदार देहाचा एखादा तरुण दिसूं लागतो. कचेरींत आठ तास बसणारे वडील, ओट्यापाशीं उभी असलेली आई, काठी टेकीत चालणारे आजोबा, किंवा पायानें अधू असलेला एखादा वर्गबंधु यांपैकीं कोणीहि त्या चित्रांत नसतें. ही उणीव लहानशी नाहीं, हेंच आज आम्हांस विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना सांगावयाचें आहे.

आम्ही शाळेंत असतांना आमच्या वर्गांत असा एक सोबती होता. लहानपणीं झालेल्या पोलिओनें त्याचा डावा पाय लुळा पडला होता. कवायतीची घंटा झाली कीं आम्ही मैदानाकडे धांवत सुटत असूं, आणि तो वडाच्या पारावर बसून आमचीं दप्तरें व चपला राखीत असे. पुरीं सहा वर्षें त्यानें हें काम केलें. त्याला कोणी कधीं टाकून बोललें नाहीं. उलट त्याला 'माफी' मिळाली आहे, असेंच गुरुजींना व आम्हां सर्वांना वाटे. ज्या गोष्टीची त्याच्या देहाला आमच्याहूनहि अधिक गरज होती, तिचीच ती माफी होती, हें आमच्या ध्यानांत यावयास फार वर्षें लागलीं.

ही गरज कोणती, तें थोडक्यांत पाहूं. हृदय हें रक्त ढकलणारें यंत्र आहे हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु पायांकडील रक्त वर आणण्याच्या कामीं पोटऱ्यांचे स्नायु त्यास साह्य करितात. चालतांना ते आकुंचन पावून शिरा दाबतात, आणि शिरांतील झडपांमुळें रक्त खालीं न परततां हृदयाकडेच जातें. तसेंच काम करणारा स्नायु रक्तांतील साखर ओढून घेतो, व त्यासाठीं त्याला इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाहीं. जेवणानंतर शतपावली घालण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची चाल किती शहाणपणाची होती हें यावरून कळेल. हात हालविले तर हातांचे स्नायूहि साखर खर्च करितातच. म्हणजे ज्याचा पाय चालत नाहीं त्यालाहि ही वाट मोकळी आहे. तासन् तास स्वस्थ बसणाऱ्याच्या देहांत मात्र हे व्यापार मंदावतात.

हें केवळ तर्काचें बोलणें नव्हे. मुंबईकरांस १९३७ सालापासून परिचित असलेल्या दुमजली बसगाड्या लंडन शहरांतहि धांवत असत. अशा एका गाडीवर दोन नोकर असत. ड्रायव्हर सारा दिवस बसून गाडी हांकी. कंडक्टर तिकिटें देण्यासाठीं जिन्यावरून सारखा चढउतार करी. दिवसाकाठीं ५०० ते ७५० पायऱ्या तो चढत असे. डॉ. जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनीं अशा हजारों नोकरांच्या प्रकृतीची माहिती जमविली व १९५३ सालीं ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केली. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांहून कमी होई, आणि झाला तरी तो बहुधा उतार वयांत व सौम्य स्वरूपांत होई, असें तींत दिसून आलें. घरोघर पत्रें वांटणारे टपालवाले व टपालखात्यांतील बैठें काम करणारे कारकून यांच्यामध्येंहि असाच भेद आढळला.

कोणी शंका घेईल कीं, स्थूल माणसेंच मुळांत ड्रायव्हर होत असतील. मॉरिस यांनींहि ही शंका सोडून दिली नाहीं. नोकरांना मिळणाऱ्या गणवेशाच्या विजारींचीं मापें त्यांनीं तपासलीं, तेव्हां तरुण ड्रायव्हरांची कंबरहि कंडक्टरांहून मोठी निघाली! तेव्हां सारें श्रेय जिन्याला देतां येणार नाहीं, हें त्यांनीं प्रांजळपणें मांडलें. परंतु पुढें अनेक देशांत झालेल्या संशोधनानें, देहाच्या हालचालीनें हृदयाचें रक्षण होतें, या मूळ सिद्धांतास बळकटीच आली. त्या कंडक्टरानें आखाड्याचें तोंडहि पाहिलें नसेल. त्याची नोकरीच त्याची तालीम होती, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत प्रौढांनीं आठवड्यांतून १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि ५ ते १७ वर्षांच्या मुलांनीं रोज सरासरी ६० मिनिटें करावी, असें सांगितलें आहे. पूर्वी प्रौढांची हालचाल एका वेळीं निदान दहा मिनिटें तरी चालली पाहिजे अशी अट होती. ती आतां काढून टाकली आहे. थेंबें थेंबें तळें सांचे, हा न्याय येथेंहि लागू पडतो. तसेंच अपंग व्यक्तींसाठीं प्रथमच निराळ्या सूचना देऊन, त्यांनाहि हालचालीपासून लाभच होतो, हें स्पष्ट केलें आहे.

सर्वांना एका रांगेंत कसें घेतां येतें, हें जपानकडून शिकावें. १९२८ सालच्या नोव्हेंबरांत तेथें टपालखात्याच्या विमा विभागाच्या पुढाकारानें नभोवाणीवरून सकाळची कवायत सुरू झाली. युद्धानंतर कांहीं काळ खंड पडला. १९५१ सालीं ती नव्या रूपांत पुन्हां आली. वाद्याच्या सुरावर सुमारें तीन मिनिटांत तेरा सोप्या हालचाली होतात. कारखान्यांत व कचेऱ्यांत काम सुरू करण्यापूर्वीं ती केली जाते. उन्हाळ्याच्या सुटींत मुलें सकाळीं जमतात, आणि हजेरीबद्दल त्यांच्या कार्डावर शिक्का मिळतो. पुढें १९९९ सालीं वृद्ध व अपंग यांचाहि विचार करून आणखी एक कवायत रचण्यांत आली. ती उभें राहून करितां येते, तशीच खुर्चींत बसूनहि करितां येते. सूर तोच, वेळ तीच; एकाचे पाय चालतात, दुसऱ्याचे हात.

आतां आपल्या घराकडे वळूं. कचेरींत जाणाऱ्यांनीं एक थांबा आधीं उतरून चालावें, एक-दोन मजल्यांसाठीं लिफ्टची वाट पाहूं नये, आणि तासाभरानें एकदां तरी खुर्ची सोडावी. आईला मात्र अधिक श्रम सांगूं नयेत. तिच्या वांट्याला ते आधींच पुष्कळ आहेत, आणि ओट्यापाशीं नुसतें तिष्ठत उभें राहणें हा कांहीं व्यायाम नव्हे. मुलांनीं पाणी भरावें, केर काढावा, कपडे वाळत घालावे, म्हणजे मुलांचा देह हालेल व तिला घटकाभर मोकळेपणानें फिरावयास मिळेल. आजोबांनीं खुर्चींत बसूनच पाय सरळ करावे, हात वर न्यावे, व हें करतांना नातवंडांनीं त्यांच्याबरोबर मोजावें.

शेवटीं विद्यार्थ्यांना एकच विनंति. कवायतीच्या तासाला तुमचा कोणी सोबती पारावर बसलेला दिसला, तर त्याच्याकडे आपलें दप्तर राखावयास देऊं नका. एक बांक उचलून मैदानांत आणा, त्याला रांगेंत जागा द्या, आणि गुरुजींच्या अनुमतीनें त्या दिवशींच्या निदान चार हालचाली सर्वांनीं बसूनच करा. आमच्या त्या सोबत्यासाठीं एवढें करणें आम्हांस सहज शक्य होतें. बांक होतें, मैदान होतें, गुरुजीहि प्रेमळ होते. केवळ कोणाला सुचलें नाहीं. तुम्हांला तें सुचावें, म्हणून हा लेखनप्रपंच.