ध्वजदिनाचा पैसा आणि माजी सैनिकांची संस्था

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत माजी सैनिकांच्या एखाद्या लहान संस्थेसाठी वर्गणीचा विषय निघाला, की "त्यांना सरकार देतेच, ध्वजदिनाचे पैसे कुणाकडे जातात मग?" असे उत्तर चांगले सुशिक्षित गृहस्थही इतक्या निःशंकपणे देतात, की हा समज एकदा मुळापासून खोडून काढणे अगत्याचे झाले आहे.

1949 पासून दर 7 डिसेंबरला पाळला जाणारा सशस्त्र सेना ध्वजदिन हा शासकीय उपक्रम आहे. लाल, गडद निळा व फिका निळा अशा तीन पट्ट्यांचा तो चिमुकला कागदी ध्वज छातीवर लावून शाळा-कचेऱ्यांतून जी रक्कम गोळा होते, ती जिल्हा प्रशासन व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांच्यामार्फत शासनाच्या निधीत भरणा होते, आणि तेथून माजी सैनिकास, वीरपत्नीस अथवा पाल्यास, अर्जाची छाननी होऊन, योजनेप्रमाणे मंजूर होते. 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली वा 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली स्थानिक संस्था या व्यवस्थेहून सर्वस्वी निराळी असून, त्या निधीतला हिस्सा तिच्या खात्यावर आपोआप येत नाही, हे किती वेळा सांगावे!

तिचा निर्वाह वर्गणी, देणग्या आणि मुदत ठेवींचे व्याज यांवर चालतो, आणि खरी ओढाताण या व्याजातच आहे. 1990 च्या दशकाच्या मध्यावर बँका बारा टक्क्यांच्या आसपास व्याज देत असताना लाखाच्या ठेवीवर वर्षाला 12,000 रुपये सुटत. 2020-21 साली साडेपाच टक्क्यांचा दर धरला तर तीच ठेव 5,500 देते, आणि या अवधीत जागेचे भाडे, छपाई व हिशेब तपासनिसाचे शुल्क वाढतच गेलेले असते. ताळेबंदात मात्र कायम निधीचा आकडा जसाच्या तसा दिसतो व तो पाहून संस्थेला गबर ठरविले जाते. त्या मुद्दलाला हात लावावयाचा नसतो, हे कोणी ध्यानात घेत नाही.

असेच आणखीही समज कानी येतात. "हिशेब कोण विचारतो?" 31 मार्चला खाती बंद करून, त्यांची तपासणी करवून अहवाल धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागतो.

"देणगीवर करसवलत मिळतेच." संस्थेस 80-जी ची मान्यता असेल तरच, आणि 2,000 रुपयांवरील रोख देणगीस ती नाही.

"फौजी म्हटला की पेन्शन आलीच." जवानाला सेवानिवृत्तिवेतनासाठी सामान्यतः 15 वर्षांची सेवा लागते. त्याआधी बाहेर पडलेला, आता पासष्टी ओलांडलेला हवालदार वा शिपाई केंद्रीय सैनिक बोर्डाच्या निर्वाह साहाय्यास पात्र ठरू शकतो. परंतु त्याचे डिस्चार्ज बुक शोधून, प्रती जोडून, अर्ज भरून देणारे हात बहुधा या संस्थेचेच असतात, आणि त्या प्रतींचा व हेलपाट्यांचा खर्च त्याच वर्गणीतून भागतो.