राहाबच्या तोंडून बोलते कोण?

राहाब ही कनान देशातील यरीहो नगरातली वेश्या. तिचे घर तटालाच लागून होते. बायबलमधील यहोशवाच्या पुस्तकात तिची कथा येते. इस्राएलचे दोन हेर घरी उतरले, तेव्हा तिने त्यांना छपरावर पसरलेल्या जवसाच्या काड्यांखाली दडवले आणि राजाच्या माणसांना भलत्याच वाटेला लावले. हा देश तुमच्या देवाने तुम्हांलाच दिला आहे, हेही तिनेच हेरांना सांगितले. पुढे इस्राएलच्या हल्ल्यात नगर पडले, आबालवृद्धांची कत्तल झाली. खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीच्या खुणेमुळे एवढे एक घर वाचले. ख्रिस्ती परंपरेने राहाबला श्रद्धेचा आदर्श मानले.

बोट्स्वानाच्या अभ्यासक मुसा दुबे यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही कथा जिंकल्या गेलेल्यांच्या बाजूने वाचली. आपला देश दुसऱ्यांच्या हाती जाणे ही देवाचीच इच्छा, असे स्थानिक बाईच बोलते. पण ते शब्द तिच्या तोंडी घालणारा लेखक जेत्यांचा आहे. स्त्रीचे शरीर आणि भूमी दोन्ही परक्यांसाठी खुली असल्याचे चित्र त्यातून उभे राहते. केवळ स्त्रीवादी वाचन राहाबच्या धैर्यापाशी थांबू शकते. दुबे यांच्यासारखे वसाहतोत्तर वाचन मेलेल्या शेजाऱ्यांचीही आठवण ठेवते, आणि त्याचे खरे मोल तिथेच आहे.

बायबलमधल्याच रूथच्या गोष्टीत तर एक स्त्री जवळजवळ विसरलीच गेली. मवाब देशातली रूथ सासू नामीबरोबर बेथलेहेमला जाते, म्हणून तिचा गौरव होतो. तिची जाऊ अर्पा रडत निरोप घेऊन माघारी फिरते. अमेरिकेतील मूलनिवासी चेरोकी वंशाच्या अभ्यासक लॉरा डोनाल्डसन यांना हे माघारी जाणे मोलाचे वाटते. आईचे घर, आपली माणसे, आपले देव अर्पाने सोडले नाहीत. मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत घालणारी सत्ता ज्या समाजाने सोसली, त्याला अर्पा जवळची वाटावी यात नवल नाही.

या वसाहतोत्तर वाचनावर आक्षेपही आहेत. त्यात ज्यू धर्माचे एकांगी, कठोर चित्र उभे राहते, अशी टीका ज्यू अभ्यासक एमी-जिल लेविन यांनी केली आहे. शिवाय यरीहोचा पाडाव प्रत्यक्षात घडला का, हीच शंका आहे: १९५० च्या दशकातील कॅथलीन केनियन यांच्या उत्खननात यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळातील तटबंदीचे नगर यरीहोत आढळले नाही. अनेक अभ्यासकांच्या मते या कथांना आजचे रूप अश्शूर आणि बाबेल या साम्राज्यांच्या टाचेखालील इस्राएली समाजात आले. म्हणजे ती दुबळ्यांनी रंगवलेली विजयगाथा असू शकते. मात्र पुढे अमेरिकेतील आणि दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या वसाहतकारांनी स्वतःला इस्राएल व स्थानिकांना कनानी मानले, तेव्हा तीच गाथा जमिनी बळकावण्याच्या कामी आली. दुबे यांचा प्रश्न या वापरातून उभा राहिला आहे.