गाणे साबणाला लागते तेव्हा

आमच्या घरी एक भावगीत होते. 'होते' असे का म्हणते, ते पुढे कळेलच. आजोबा दाढी करताना ते गुणगुणत. आजोबा गेल्यावर ते आईकडे आले, पोळ्या लाटताना ती गुणगुणू लागली. गेल्या वर्षी एका साबणाच्या जाहिरातीत तीच चाल, पण निराळे शब्द ऐकू आले. ताईचा पाच वर्षांचा मुलगा सुट्टीत आला होता, त्याने ते दोन दिवसांत पाठ केले. आईने चाल धरली की हा मध्येच साबणाचे नाव घाली. आई हसायची. पुढे तिचे गुणगुणणेच बंद झाले.

मला राग आला, आणि त्या रागाचे नवलही वाटले. गाणे काही आमच्या मालकीचे नव्हते! मग ते असते तरी कोणाचे?

ह्या बाबतीत गाजलेले प्रकरण बीटल्सचे. जॉन लेननने १९६८ साली, व्हिएतनाम युद्ध आणि पॅरिसमधील विद्यार्थी-आंदोलन यांच्या धामधुमीत, 'रिव्होल्यूशन' हे गीत रचले. १९८७ साली नायकी कंपनीने मूळ ध्वनिमुद्रणासह ते बुटांच्या जाहिरातीत वापरले. लेननची हत्या होऊन तेव्हा सहा वर्षे उलटली होती. चाहते खवळले. परंतु कंपनीने चोरी केली नव्हती, रीतसर पैसे मोजले होते. गाण्याला मालक दोन असतात : शब्द-चालीचा एक आणि ध्वनिमुद्रणाचा दुसरा. पहिला हक्क मायकेल जॅक्सनने १९८५ साली ४ कोटी ७५ लाख डॉलरना घेतलेल्या प्रकाशनसंस्थेकडे होता, दुसरा ध्वनिमुद्रिका कंपनीकडे. ज्यांनी गायिले, त्यांच्या 'ॲपल' संस्थेला दीड कोटी डॉलरचा दावा लावावा लागला. १९८९ मध्ये तडजोड झाली.

टॉम वेट्स या गायकाची गोष्ट तर अधिकच चमत्कारिक. जाहिरातीत गायचे नाही, हा त्याचा बाणा. त्याचे १९७६ चे एक गाणे तर विक्रेत्यांच्या बडबडीची थट्टा करणारे! नेमक्या त्याच धर्तीवर, त्याच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करवून, एका खाद्यपदार्थाची जाहिरात १९८८ साली निघाली. तो न्यायालयात गेला आणि जिंकला. आवाज ही माणसाची ओळख आहे, हे तेथे मान्य झाले.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना अशा वापरातील मानधनाचा वाटा मिळाला, हे योग्यच झाले. कलाकृतीची विटंबना झाल्यास तक्रार करण्याचा अधिकारही कायद्यात निर्मात्यांसाठी आहे. श्रोत्याला मात्र कोठेच जागा नाही, आणि ती कशी द्यावी हे मलाही सुचत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. निक ड्रेक १९७४ साली सव्विसाव्या वर्षी गेला, तेव्हा त्याला ओळखणारे थोडेच होते. १९९९ च्या अखेरीस फोक्सवॅगन मोटारीच्या जाहिरातीत त्याचे 'पिंक मून' वाजले आणि पंचवीस वर्षांनी लोक त्याच्या ध्वनिमुद्रिका शोधू लागले. त्यांना कमअस्सल रसिक म्हणायचे काय? मी म्हणणार नाही. मात्र एक फरक आहे. त्यांच्या मनात ते गाणे पूर्वी नव्हते, मोटारीबरोबरच आले. आमच्या गाण्यात दाढीच्या साबणाचा वास आधीच होता. त्यावर दुसरा साबण घासला गेला. आठवण आणि चाल एकत्र मुरलेली असतात, एक उकरली की दुसरी हलते. पुन्हा जाहिरात एकदाच ऐकून भागत नाही. ती दिवसातून दहादा येते, आणि न बोलावता येते.

परवा माझ्या ध्यानात आले, की जाहिरातवाल्यांनी फक्त मुखडा घेतला आहे. तीस सेकंदांत अंतरा कोठून मावणार? आईला म्हटले, दुसऱ्या अंतऱ्यापासून सुरू कर. तिने हातातले लाटणे ठेवले. दोन ओळी नीट आल्या, तिसरीला अडली. आजोबांच्या वह्या माळ्यावर आहेत. रविवारी काढणार आहोत.