खोकं उघडणारा माणूस

मैत्रिणीच्या नवऱ्याने ऑनलाइन लिलावात जुनी रायफल घेतली. भाऊजींचे वडील दौंडला राज्य राखीव पोलीस दलात होते. त्यांच्या खांद्यावर सगळी नोकरी थ्री नॉट थ्री असायची, आणि तसली एक आपल्या ओहायोच्या घरात असावी ही भाऊजींची फार दिवसांची हौस. मला त्या हौसेचं काही वाटलं नाही. पण माझी मुलं इथल्या शाळेत लॉकडाउन ड्रिल करतात. वर्गाचं दार लावून, दिवे मालवून, बाकांखाली गप्प बसायची सवय त्यांना पहिलीपासून आहे. फोनवर बोली लावून बंदूक मिळत असेल तर ती नक्की कोणाला मिळते, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. म्हणून रायफल आल्याचा निरोप मिळताच मी भाऊजींबरोबर निघाले, आणि नंतरही जात राहिले.

कारण रायफल घरी येत नाही. लिलाव गनब्रोकरसारख्या साइटवर होतो, पैसे विक्रेत्याला जातात, पण कायद्याने परराज्यातली बंदूक पोचते ती खरेदीदाराच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडे. पन्नास वर्षांहून जुन्या बंदुका जमवणाऱ्यांसाठी संग्राहकाचा वेगळा परवाना आहे. तो ज्याच्याकडे असेल त्याला त्या घरी मागवता येतात. १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुकांना तर हा कायदाच लागू नाही. बाकी सगळ्यांना दुकानाची पायरी चढावीच लागते. ‘थेट तुमच्या दारात पोचवतो’ असं कोणी म्हणाला, तर तो एक तर पैसे घेऊन पळणारा असतो किंवा तुम्हाला गुन्ह्यात ओढणारा.

आम्ही गेलो ते दुकान कोलंबसच्या बाहेर, मक्याची शेतं सुरू होतात तिथे. आत पाऊल टाकलं की पिकल्या केळ्यांचा वास येतो. तो हॉप्स नंबर ९ चा, नळी साफ करायच्या द्रवाचा. हा वास कपड्यांना धरून घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी भाजी चिरतानाही आठवतो. मालक सत्तरी ओलांडलेले, पूर्वी कारखान्यात टूलरूममध्ये होते. चष्मा दोरीला बांधलेला, नखं अगदी बारीक कापलेली. कोणी लिलावात काही घेतलं की ते खोकं यांच्याकडे येतं. पंचवीस-तीस डॉलर घेऊन ते कागदपत्रं करतात आणि वस्तू ताब्यात देतात. एवढ्या पैशांत त्यांनी काय काय करावं याची अपेक्षा कायद्याने फार ठेवलेली नाही. ते जे करतात ते पाहायला मी पुन्हा पुन्हा गेले.

त्यांनी खोकं टेबलावर घेतलं, सुरीने चिकटपट्टी कापली, फोम बाजूला केला. रायफल हातात येताच पहिलं काम म्हणजे ती रिकामी आहे याची खात्री. मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढला, आत डोकावले. मग करंगळी घालून चाचपलं. डोळ्यांना दिसलं तरी बोटाने बघायचं, असा त्यांचा नियम. मग बोल्ट काढून नळीत बारीक दिवा सोडला आणि दुसऱ्या टोकाने कितीतरी वेळ पाहत राहिले. मलाही दाखवलं. आतली वळणं चकाकत होती, पण तोंडाकडच्या दोनेक इंचांत काळे ठिपके होते. गंजाने खाल्लेलं. ‘साफ करताना तोंडाकडून सळई घालतात, पुसत नाहीत,’ ते म्हणाले. नखाने नळीच्या तोंडाची कडा चाचपली. स्क्रूंच्या खाचा पाहिल्या. खाच फाटलेली असेल तर कोणीतरी चुकीच्या पेचकसाने उघडलंय, आणि ज्याला स्क्रू धड काढता येत नाही त्याने आत काय केलं असेल याचा भरवसा नाही. लिलावातल्या फोटोंत हे काही दिसत नाही. फोटो नेहमी चांगल्या बाजूचे.

मग त्यांनी दस्त्याला लागून असलेला लोखंडी भाग चिंधीने पुसला, आणि तिथे अशोकस्तंभाचे सिंह उमटले.

ओहायोत, केळ्यांच्या वासात, ते सिंह पाहून माझ्या पोटात काहीतरी हललं. त्याखाली ‘आर. एफ. आय.’, म्हणजे रायफल फॅक्टरी, इच्छापूर. बंगालमधला आपला जुना सरकारी कारखाना. आणि त्याखाली ‘७.६२’ व ‘२ए१’. मालकांनी चष्मा वर सरकवला. ‘लिलावात काय लिहिलं होतं?’ भाऊजींनी फोन काढून दाखवलं. एनफिल्ड, .३०३, म्हणजे थ्री नॉट थ्री.

‘लिहिणाऱ्याने वाचलं नाही. लोखंडावर बरोबर आहे.’

थ्री नॉट थ्री आपल्याला घडणीने ओळखता येते. २६/११ च्या रात्री सीएसटीवर पोलिसांच्या हातात तीच होती. इच्छापूरने १९६० च्या दशकात तशाच घडणीची, पण ७.६२ मिलिमीटरच्या नाटो काडतुसाची रायफल बनवली, आणि पुढे त्यातल्या कितीतरी अमेरिकेत जुन्या सैनिकी मालात विकल्या गेल्या. दुरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच. जाणकाराला मॅगझिनवरून कळतं. २ए१ चं चौकोनी असतं, आणि फोटोतही ते तसंच दिसत होतं. भाऊजींनी .३०३ च्या काडतुसांची खोकी आधीच घेऊन ठेवली होती. ती हिच्यात बसणारच नव्हती. मालक म्हणाले, ‘हे स्वस्तात सुटलं. उलटं झालं असतं, .३०३ च्या बंदुकीत कोणी भलतं काडतूस कोंबलं असतं, तर मी आज हसत नसतो.’ काडतूस नळीवर आणि लोखंडावर जे कोरलंय त्यावरून घ्यायचं, जाहिरातीवरून कधीच नाही. जाहिरात अचूक असली तरी पुरत नाही. १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीचं त्यांनी सांगितलं. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यातल्या आठ लाखांखालच्या क्रमांकांचं पोलाद तापवताना बिघडून ठिसूळ झालेलं, त्यामुळे त्या झाडू नयेत असं जाणकार सांगतात. लिलावात त्या सुंदर पॉलिश करून येतात आणि क्रमांकाचा फोटो बहुतेक वेळा नसतो. तो मागून घ्यावा लागतो. विक्रेता देत नसेल तर बोली लावू नये.

शेवटी त्यांनी ड्रॉवरमधून पोलादाचे दोन छोटे गेज काढले. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसामागे किती फट उरते ते यांनी मोजतात. फट जास्त असेल तर काडतुसाचं पितळ मागून फाटतं आणि वायू झाडणाऱ्याच्या तोंडावर येतो. पहिल्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, झाला. दुसऱ्यावर होता कामा नये. मालकांनी एका बोटाने, अजिबात जोर न लावता, दांडी खाली नेली. ती गेली.

‘परत पाठवा.’

भाऊजींचा चेहरा पडला. पण मालकांनी आधीपासून एक गोष्ट नीट केली होती: फॉर्म भरायला लावला नव्हता. वस्तू आधी पाहायची, सही नंतर. एकदा बंदूक कागदोपत्री तुमच्या नावावर झाली की परत करणं हा वेगळा व्यवहार होतो. त्याआधी ती एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे सरळ परत जाते. लिलावात अनेक विक्रेते तीन दिवसांची मुदत देतात, वस्तू हातात आल्यापासून तीन दिवस, आणि तेही एक गोळी झाडेपर्यंतच. ‘आहे तशी, परती नाही’ असं लिहिलेलंही पुष्कळ असतं. भाऊजींनी सुदैवाने तीन दिवसवाल्याकडून घेतली होती. रायफल गेली, येण्याजाण्याचं भाडं वगळता पैसे आले.

मी मालकांना विचारलं, हे सगळं तपासायला कायदा सांगतो का? ‘नाही. कायद्याने मी वहीत नोंद करायची. बनवणारा कोण, आयात कोणी केली, मॉडेल, क्रमांक, कॅलिबर. आणि माणूस तपासायचा. बंदूक चांगली की वाईट, हा माझा प्रश्न नाही.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘पण खोकं मीच उघडतो ना.’

माणूस तपासणं म्हणजे ४४७३ क्रमांकाचा फॉर्म. ओळखपत्र, पत्ता, शिक्षा झालीय का, घरगुती हिंसाचाराचा गुन्हा, व्यसन, आणि सगळ्यात कळीचा प्रश्न, ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय का. दुसऱ्यासाठी घेऊन खोटं लिहिणं हा संघीय गुन्हा आहे. मग माहिती एफबीआयच्या तपासणी यंत्रणेकडे जाते. तिचं केंद्र वेस्ट व्हर्जिनियात क्लार्क्सबर्गला आहे. बहुतेकदा काही मिनिटांत उत्तर येतं: पुढे जा, थांबा, किंवा नाही. आपल्याकडे आधी माणसाला परवाना लागतो, पोलीस चौकशी होते, निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची. ओहायोत घेणाऱ्याला परवाना लागतच नाही. परवाना विकणाऱ्याचा, त्यामुळे सगळा भार त्या काउंटरवर.

काउंटरमागे भिंतीवर फ्रेममध्ये एका जुन्या मासिकाचं पान आहे. १९६३ सालची, शिकागोच्या क्लाइन्स दुकानाची टपाल-खरेदीची जाहिरात. दुर्बिणीसकट इटालियन रायफल, १९.९५ डॉलर. त्या आकड्याभोवती लाल पेन्सिलीने गोल केलेला. ‘ही ऑस्वाल्डने घेतलेली,’ मालक म्हणाले. हिडेल या खोट्या नावाने, टपाल खर्च धरून २१.४५ डॉलरची मनीऑर्डर पाठवून, डॅलसच्या पोस्ट बॉक्सवर मागवलेली. कोणी तोंड पाहिलं नाही, कोणी काही विचारलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिने राष्ट्राध्यक्ष केनेडींचा जीव घेतला. तरीही परराज्यातली बंदूक परवानाधारकाच्या हातूनच यावी असा कायदा व्हायला १९६८ उजाडलं, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी दोघेही मारले गेल्यानंतर. १९९९ मध्ये ईबेने बंदुका बंद केल्या आणि गनब्रोकर उभं राहिलं. आज तिथे लिलाव संपता संपता कोणी बोली लावली की वेळ आणखी पंधरा मिनिटांनी लांबते. १९६८ नंतर बाकी सगळं बदललं, बदललं नाही ते हे की पैसे आणि बंदूक यांच्यामध्ये एका माणसाला उभं राहावं लागतं.

तो उभा राहतो म्हणजे काय, हे मला एका मंगळवारी दिसलं. विशीतला एक मुलगा आत आला. लिलावात घेतलेलं पिस्तूल त्याला हवं होतं. आधीच्या आठवड्यात ‘थांबा’ असं उत्तर आलं होतं. कायदा असा आहे की ‘थांबा’ आलं आणि कामाचे तीन दिवस उलटून गेले, तर उत्तर नसलं तरी दुकानदाराला बंदूक देता येते. तीन दिवस झाले होते. मुलाने मोजून आणले होते. ‘कायद्याने तुम्ही देऊ शकता,’ तो म्हणाला.

‘देऊ शकतो. दिलीच पाहिजे असं नाही.’

मुलाचा आवाज चढला. पैसे भरलेत, माझी वस्तू आहे. मालकांचा आवाज चढला नाही. उत्तर आलं की फोन करीन, तीस दिवसांत आलं नाही तर फॉर्म पुन्हा भरू, एवढंच ते बोलले. मुलगा दार आपटून गेला. मालकांनी पिस्तुलाचं खोकं परत तिजोरीत ठेवलं आणि चिंधी तेलात बुडवून आपलं काम सुरू केलं. तो मुलगा वाईट असेल असं मला म्हणायचं नाही. नावासारखं नाव असलं तरी ‘थांबा’ येतं, नागरिक नसलेल्यांची इमिग्रेशनकडूनही पडताळणी होते म्हणून आपल्या लोकांनाही येतं. पण २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ माणसं मारणाऱ्याने पिस्तूल घेतलं ते याच तीन दिवसांच्या वाटेने. त्याला ते मिळायला नको होतं हे एफबीआयने नंतर स्वतः मान्य केलं. २०२२ च्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांसाठी ही मुदत गरज पडल्यास दहा दिवसांपर्यंत वाढवली. बाकीच्यांना तीनच.

इथल्या मराठी मंडळींना एक स्पष्ट सांगते. एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून बंदूक विकत घेणंच काय, जवळ बाळगणंही संघीय गुन्हा आहे, मग ती रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेली का असेना. ग्रीन कार्ड असेल तर घेता येते. घेणारच असाल तर बोली लावण्याआधी जवळच्या दुकानदाराला फोन करा, परतीची अट वाचा, पैसे साइटबाहेर पाठवू नका, सही करण्याआधी खोकं उघडून घ्या, आणि घरात मुलं असोत-नसोत, कुलुपाची पेटी आधी आणा.

आणि दार आपटून गेलेल्या त्या मुलाने त्याच संध्याकाळी ओहायोतल्याच दुसऱ्या एखाद्या माणसाकडून, दुकानदार नसलेल्या, पिस्तूल घेतलं असतं, तर फॉर्म नव्हता, फोन नव्हता, वहीत नोंद नव्हती. एकाच राज्यातल्या दोन खाजगी माणसांमधला तो व्यवहार या राज्याच्या कायद्यात बसतो. हे मला मान्य नाही. उत्तर आल्याशिवाय बंदूक नाही, हा नियम एका म्हाताऱ्या माणसाच्या सद्सद्विवेकावर सोडता कामा नये. तो कायद्यात लिहिलेला हवा, आणि प्रत्येक विक्रीला लागू हवा.