घरी बाळंतपण? मग तपासण्या आधी

बाळंतपण म्हणजे आजार नव्हे. मग घरीच प्रसूती करायची ठरवलेल्या बाईने रक्त-लघवी का तपासत बसावे? घरच्या बाळंतपणाचे पुरस्कर्ते नेहमी इंग्लंडमधल्या २०११च्या ‘बर्थप्लेस’ अभ्यासाचा दाखला देतात. कमी जोखमीच्या सुमारे ६४ हजार प्रसूतींच्या या अभ्यासात दुसऱ्या किंवा त्यापुढच्या खेपेला घरी बाळाला जास्त धोका आढळला नाही. पहिलटकरणींच्या बाळांना मात्र घरी धोका जास्त दिसला आणि त्यांच्यातल्या शंभरात ४५ जणींना ऐनवेळी किंवा प्रसूतीनंतर लगेच रुग्णालयात हलवावे लागले. यातला ‘कमी जोखीम’ हा शिक्का चेहरा पाहून बसत नाही. तो बसतो गरोदरपणातल्या तपासण्यांतून. त्या गाळल्या, तर या अभ्यासाचा आधारही उरत नाही.

रक्तदाब १४०/९० वर गेला आणि लघवीत प्रथिने उतरू लागली, तरी बाईला काही जाणवेलच असे नाही; पुढे झटके आले की मात्र वेळ हातची जाते. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे. धडधाकट बाई सोसेल एवढा रक्तस्राव हिमोग्लोबिन ७च्या खाली असलेलीच्या जिवावर बेततो, आणि घरात रक्ताची पिशवी नसते. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर ‘अँटी-डी’ इंजेक्शन ७२ तासांत द्यायला हवे. गटच माहीत नसेल, तर ते आणून कोण ठेवणार?

सगळे अहवाल चांगले असूनही रक्तस्राव होतोच की, हा आक्षेप खरा आहे. धोक्याची कोणतीही खूण नसलेल्या बायकांनाही तो होतो. म्हणून तपासणी झाली तरी प्रशिक्षित सुईण आणि दाराशी गाडी लागतेच. दुसरा आक्षेप तपासण्यांच्या अतिरेकाचा. १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या एका अमेरिकी चाचणीत (१९९३) सरसकट सोनोग्राफीने नवजात बाळांचे आरोग्य सुधारलेले दिसले नाही. पण अमेरिकेत बहुतेक बाळंतपणे रुग्णालयात होतात. वार खाली आहे किंवा मूल पायाळू आहे, हे तिथे उशिरा कळले तरी शस्त्रक्रियागृह जवळ असते. घरी तेच उशिरा कळणे महागात पडते. तेव्हा अनावश्यक तपासण्या जरूर गाळाव्यात. पण जिच्या निकालावर घर की रुग्णालय हे ठरते, ती तपासणी घरी बाळंत होणारीलाच अधिक गरजेची.