आधी खुराडं, मग कोंबड्या



परसात दहा-बारा कोंबड्या पाळायच्या म्हणून बऱ्याच ताईंनी विचारणा केली आहे. पहिला प्रश्न ठरलेला: जात कोणती घ्यावी? वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराजा, कावेरी, सगळ्या परसात चालतात. जातीचं नंतर बघू. खुराडं तयार नसताना पक्षी आणू नका, एवढं आधी ऐका.

कारण रात्री रानमांजर नाहीतर गावातला बोका शिरला, की तो एक कोंबडी खाऊन थांबत नाही. आत सापडतील तेवढ्या मारतो. सहा महिने सांभाळलेल्या, अंड्यावर आलेल्या कोंबड्या एका रात्रीत संपतात.

म्हणून पैसा छपरावर नाही, जाळीवर घाला. बाजारात मिळणारी षटकोनी कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, पण घुशीला, सापाला अडवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. महाग पडते, पण एकदाच लागते. छप्पर जुन्या पत्र्याचं, वर पाचट टाकलेलं असलं तरी भागतं. उन्हाळ्यात उलट बरंच.

जागा उंचवट्यावर, पाणी न साचणारी. जमिनीपासून दीड फूट ओटा, वर कोबा, म्हणजे घूस खालून पोखरत नाही. एका मोठ्या कोंबडीला दोन चौरस फूट धरा. दिवसा मोकळ्या सोडणार असाल तर दहा पक्ष्यांना ५ × ४ फूट पुरतं. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, ऊन थेट आत येत नाही. बसायला आडव्या बांबूच्या दांड्या, आणि चार-पाच कोंबड्यांमागे अंड्यासाठी एक खोका. खाली भाताचं तूस दोन-तीन इंच. ओलं झालं की लगेच बदला.

थंडी-पावसात काही जण सगळ्या बाजूंनी ताडपत्री गुंडाळतात. तसं करू नका. विष्ठेचा वायू आत कोंडतो आणि सर्दी लागते. छपराखाली वीतभर जागा कायम उघडी हवी, तिलाही जाळी मारा. सकाळी दार उघडून आत डोकं घाला. तुमचे डोळे चुरचुरले तर कोंबड्यांचं रात्रभर काय झालं असेल ते समजा.

दाराला नुसती कडी नको, कुलूप लावा. आणि दिवेलागणीला रोज मोजून आत घ्या. हे काम घरात एकाचंच ठरवा, नाहीतर "तू लावलं असशील" म्हणत दार उघडंच राहतं. मुंगूस मात्र दिवसा येतं, त्यामुळे बारकी पिल्लं मोकळी सोडायची नाहीत, डाल्याखाली ठेवा.

पहिल्यांदाच करताय तर एक दिवसाची पिल्लं घेऊ नका. त्यांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब लागते, आणि रात्री लाईट गेली की पंचाईत. सहा आठवड्यांचे पक्षी घ्या. मानमोडीची लासोटा लस आणि गंबोरोची लस कधी दिली, ते विकणाऱ्याकडून तारखेसकट लिहून घ्या. आठव्या आठवड्याची मानमोडीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून द्या.

वेल्डेड जाळी एकत्र मागवली तर दर कमी पडेल. ज्यांना हवी त्यांनी खुराड्याची लांबी, रुंदी, उंची फुटांत लिहून या ग्रुपवर टाका. दाराचं माप वेगळं लिहा.