गाडीतला मायक्रोकंट्रोलर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

टेबलावर महिनोन्‌महिने बिनतक्रार चालणारे सर्किट गाडीत बसवताच रुसते. मग दोष चिपला दिला जातो आणि आणखी महागडी चिप आणली जाते. दुखणे बहुतेकदा दुसरीकडेच असते.

गैरसमज : चिप जितकी वेगवान तितकी चांगली.
वस्तुस्थिती : ६००० आरपीएमला इंजिनाचा एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो, एक अंश फिरायला सुमारे २८ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात १६ मेगाहर्ट्‌झच्या चिपला चारशेहून अधिक क्लॉक सायकल मिळतात. म्हणूनच ‘स्पीडुइनो’ हा ओपन-सोर्स ईसीयू आठ-बिटी आर्डुइनो मेगावरही चालतो. उलट २४० मेगाहर्ट्‌झच्या ईएसपी३२वर १० मिलिसेकंदांचा ‘डिले’ लिहिला, तर ते काम अख्खा फेरा खोळंबते. नेमक्या वेळेची कामे टायमर आणि इंटरप्टवर सोपवावीत.

गैरसमज : बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे बोर्ड थेट जोडता येतो.
वस्तुस्थिती : इंजिन चालू असताना व्होल्टेज १४च्या आसपास असते, स्टार्टर मारताना ते ६पर्यंत घसरू शकते. चार्जिंग चालू असताना बॅटरीची वायर सुटली, तर १०० व्होल्टपर्यंतचा झटका बसू शकतो. आर्डुइनो उनोची कमाल मर्यादा २० व्होल्टची. त्यामुळे फ्यूज, टीव्हीएस डायोड, उलट्या जोडणीपासून संरक्षण आणि गाडीसाठी बनवलेला रेग्युलेटर हवाच.

गैरसमज : ८५ अंश सेल्सिअस सोसणारी चिप कुठेही चालेल.
वस्तुस्थिती : एईसी-क्यू१०० मानकात ही मर्यादा ग्रेड ३ची आहे. ग्रेड १ची १२५, तर ग्रेड ०ची १५० अंश. बॉनेटखाली ग्रेड १ किंवा ० पाहावा. कपॅसिटर आणि कनेक्टरही त्याच तोलाचे हवेत.

गैरसमज : चिपमध्ये कॅन आहे, आता दोन वायरी जोडल्या की झाले.
वस्तुस्थिती : ईएसपी३२मध्ये असतो तो कॅन कंट्रोलर; ट्रान्सीव्हर वेगळा लावावा लागतो. बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लागतात. गाडीत ते आधीच असतात, म्हणून ओबीडी पोर्टला जोडताना मॉड्यूलवरचा रेझिस्टर काढून ठेवावा.

गैरसमज : वॉचडॉग असला की प्रोग्रॅम सुरक्षित.
वस्तुस्थिती : वॉचडॉग अडकलेली चिप रीसेट करतो, चुकीचे गणित पकडत नाही. तो टायमर इंटरप्टमधून ताजा करत राहिलात, तर मुख्य लूप अडकल्याचे त्याला कळणारही नाही.

तेव्हा आधी वीजपुरवठा, उष्णता आणि वेळेचा हिशेब मांडा. चिप शेवटी निवडा. आणि ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांना घरगुती सर्किट कधीही जोडू नका.